दमलेली झिनिया

फुलझाडं माणसांशी बोलत, त्या काळची गोष्ट. वेणूमावशींच्या परसात एक झिनिया होती. मावशी देवासाठी फूल खुडत, की तिला नव्या फांद्या फुटत, पुन्हा कळ्या येत. दसऱ्यापर्यंत ती पार दमली.

"मावशी, हे एक फूल राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, ते वाळलं की तुझं फुलणं थांबेल."

"थांबू दे."

मावशींनी हात मागे घेतला. फूल वाळून तपकिरी झालं. शेजारची शेवंती म्हणाली, "आता तुला उपटणार!" झिनिया घाबरली, पण नवी कळी धरायची ताकद तिच्यात नव्हती.

एका सकाळी मावशींनी ते वाळकं फूल तळहातावर चुरलं. आत बी होतं. ते त्यांनी जपून पदरात बांधलं.

"इतके दिवस मी नुसती नेतच राहिले," त्या हळूच म्हणाल्या. "तुला काही धरूच दिलं नाही."

झिनियानं निवांत मान टाकली.