कस्तुराची मांडी

“...मग मी तिला जवळ घेऊच नको का, माय?”

कस्तुरा मठाच्या ओसरीवर बसली होती. तिची तान्ही लेक सासूच्या मांडीवर होती.

समोर मठाच्या गुरू रेणामाय बसल्या होत्या. ऐकत राहिल्या.

“दिवस गेले तेव्हाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन फार आहे, जपावं लागेल. तेव्हापासून घास घेतला की भीती, जिना चढला की भीती. वाटलं, बाळंत झाले की जाईल. पोरगी सुखरूप झाली. भीती मात्र राहिली...”

“आता कसली?”

“माझ्या अंगाची. झोपेत तिच्यावर पडले तर? उचलताना धाप लागून हातातून सुटली तर? पाजते, आणि लगेच सासूबाईंकडे देते.”

सासू हौसाबाई खाली मान घालून पोरीला थोपटत होत्या.

खांबाशी चिद्घन बसला होता. मायचा सर्वांत हुशार शिष्य. त्याला राहवलं नाही.

“बाई, भय देहबुद्धीतून येतं. देह म्हणजे मी नव्हे, एवढं उमगलं की वजनाचीही चिंता नाही आणि भीतीही नाही.”

कस्तुराने त्याच्याकडे पाहिलं. “ते कसं उमगायचं, महाराज?”

चिद्घन सांगायला सरसावला.

“थांब,” माय म्हणाल्या. “तुला भीती वाटते का रे कशाची?”

“नाही, माय. आता नाही वाटत.”

“बरं झालं.”

माय उठल्या. हौसाबाईंच्या मांडीवरची पोर अलगद उचलली आणि चिद्घनच्या हातांवर ठेवली.

चिद्घनचे हात ताठ झाले. काठोकाठ भरलेली परात धरावी तशी त्याने पोर अंगापासून लांब धरली. पोरीने ओठ काढले. मग टाहो फोडला.

“माय, घ्या हिला.”

“का?”

“मान... हिची मान...”

“देह म्हणजे तू नव्हेस ना?”

चिद्घनच्या कपाळावर घाम आला. पोर लालबुंद झाली. हौसाबाई उठू लागल्या, तर मायने त्यांचा पदर धरला.

“असं नाही, महाराज. मानेखाली हात द्या,” कस्तुरा म्हणाली. बोलता बोलता ती उठलीही होती. “द्या इकडे.”

तिने पोर घेतली आणि बसली. त्या ऐसपैस मांडीवर, मऊ छातीशी पोरगी मावली. दोन हुंदके दिले, मोठा सुस्कारा सोडला आणि झोपली.

कस्तुराने मायकडे पाहिलं.

“माय, हात कापतोय माझा.”

“कापू दे. तिला कळलं का?”

कस्तुराने खाली पाहिलं. पोरीच्या ओठांतून लाळेचा थेंब तिच्या पोलक्यावर ओघळला होता.

“नाही,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. पोट हललं, मांडी हलली, पोरगीही हलली आणि झोपेतच खुदकली. हौसाबाई हसता हसता डोळे पुसू लागल्या.

“मला हिला निजवायला किती घिरट्या घालाव्या लागतात,” त्या म्हणाल्या. “आणि इथं बघा.”

“रात्री पाळणा हाताशी ठेव,” माय कस्तुराला म्हणाल्या. “दवाखान्यात जाशील तेव्हा या भीतीचंही सांग. वजनाइतकंच नीट सांग. त्यावरही उपाय असतात.”

“रागावतील डॉक्टरीणबाई.”

“रागावल्या तर मला बोलावून घे. दोघी मिळून ऐकू.”

निघताना हौसाबाईंनी सवयीने हात पुढे केले. कस्तुराने पोर दिली नाही. एका हाताने कठडा धरून, पाय चाचपत, दर पायरीला थांबून ती मठाखालचा घाट उतरू लागली. मध्येच थांबायची, लेकीच्या टाळूचा वास घ्यायची, आणि पुन्हा उतरायची.

चिद्घन बराच वेळ पाहत राहिला.

“माय, तिची भीती गेली?”

“कुठली जाते. बघ की, जीव मुठीत धरून उतरतेय.”

चिद्घन मायच्या पायाशी बसला. त्याचा आवाज खाली आला होता.

“मग मला सांगा... निर्भय कसं व्हायचं?”

मायने घाटाकडे बोट केलं.

“पळ. अजून गाठशील तिला.”