तीस दिवसांची साखर

दिनांक ४ फेब्रुवारी. सकाळी दाट धुके, दहानंतर स्वच्छ ऊन. अशा दिवशी प्रणिता नावाची एक मुलगी तालुक्याच्या अभ्यासिकेत आली. ती अभ्यासिका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले हेडक्लार्क चालवीत. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. प्रणिता त्यांचीच जुनी विद्यार्थिनी.

ती फिजिओथेरपी शिकली होती, शैक्षणिक कर्ज काढून. बँकेने वसुलीचे काम एका कंपनीला दिले होते. सक्तीच्या इंटर्नशिपचे सहा महिने कंपनीने शिक्षणात धरलेच नाहीत, आणि हप्ते सुरू होण्याआधीच तिला थकबाकीदार ठरवले. ती नोंद पुसल्याशिवाय रुग्णालय तिला रुजू करून घेणार नव्हते. मुदत होती १५ एप्रिलची.

"सतरा वेळा फोन केला, भाऊसाहेब. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी पहिल्यापासून रामायण!"

तिने चार पानी पत्र पुढे ठेवले. भाऊसाहेबांनी ते शांतपणे वाचले, घडी घालून तिला परत दिले, आणि स्वतः पाच ओळींचा अर्ज लिहिला. दोन प्रतींत.

"उद्या जिल्ह्याला कंपनीच्या कचेरीत जा. सोबत इंटर्नशिपचा दाखला जोड. वाद घालू नकोस, उत्तरही मागू नकोस. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घे आणि ये."

"एवढ्यासाठी चाळीस किलोमीटर?"

"एवढ्यासाठीच."

दुसऱ्या दिवशी खिडकीतला माणूस म्हणाला, "मॅडम, कागद कशाला? फोन करा ना."

"पोच द्या."

"शिक्क्याला शाई नाही."

"मी बसते."

ती बाकावर बसली. सव्वा तासाने शाई सापडली.

संध्याकाळी तिने ती प्रत भाऊसाहेबांपुढे ठेवली. त्यांनी तारीख चष्म्याजवळ धरून पाहिली, आत गेले, आणि तिच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवली.

प्रणिता वैतागली. "काम तसूभर हललं नाही, आणि तुम्ही तोंड गोड करताय?"

"मुली, तुझे सतरा फोन कुणाच्याच टेबलावर नाहीत. अशा कंपन्यांविरुद्ध तक्रार ऐकायला वर अधिकारी नेमलेला आहे. पैसा न घेता ऐकतो. पण आधी विचारतो, कंपनीला लेखी कळवलंस का? तीस दिवस थांबलीस का? तू रोज भांडत होतीस, पण तुझ्या तक्रारीची जन्मनोंदच नव्हती. ती आज झाली. आपल्याला राग आला हे शासनाला दिसत नाही. कधी कळवलं, एवढंच दिसतं. बारशाला साखर नको का वाटायला?"

प्रणिताने हातातल्या शिक्क्याकडे पुन्हा एकदा पाहिले आणि साखर तोंडात टाकली. मग भिंतीवरच्या कॅलेंडरात ७ मार्चवर तिने स्वतःच्या हाताने खूण केली.

तोवर कंपनीचे उत्तर आले नाही. ९ मार्चला तिने पोच जोडून अधिकाऱ्याकडे तक्रार पाठवली. ८ एप्रिलला निर्णय आला. त्यात ५ फेब्रुवारीच्या अर्जाचा उल्लेख होता, सतरा फोनांचा नव्हता. थकबाकीदार ही नोंद १२ एप्रिलला पुसली गेली. १३ एप्रिलला सकाळी नऊ वाजता प्रणिता रुग्णालयात रुजू झाली.