क्रोशाची शाल

घरात कॉम्प्युटर आला की आधी त्याला हळदकुंकू वाहायचं, अशा दिवसांतली गोष्ट. मंदाकाकूंनी तर त्याच्यासाठी क्रोशाची शालच विणली, झालर लावून. शालीचा त्याच्यावर भारी जीव. काकू कामाला बसल्या तरी ती फक्त पडद्यावरून बाजूला व्हायची. बाकी अंगाला घट्ट बिलगलेली असायची. धुळीचा कण बसू द्यायची नाही.

उन्हाळा लागला आणि कॉम्प्युटर मध्येच बंद पडू लागला. भाचीच्या लग्नाची पत्रिका काकूंनी निम्मी लिहिली की पडदा काळा. शेवटी काकू वैतागून म्हणाल्या, "आता बंद पडलास, तर सरळ भंगारात देईन."

शालीचं काळीज चरकलं. तिने त्याला आणखीच कवटाळलं.

"बाई गं, जरा सैल हो," तो धापा टाकत म्हणाला. "माझ्या आतल्या पंख्याला वारा मिळेना. जीव गुदमरतोय माझा."

"मी दूर झाले तर धूळ बसेल तुझ्यावर."

"बसू दे. धूळ फडक्याने पुसता येते."

मग पंख्याचा पुढचा उष्ण झोत आला, तेव्हा शालीने धरलेला कोपरा सोडला आणि ती अलगद काकूंच्या मांडीवर घसरली. त्या दुपारी पत्रिका पुरी झाली.

तेव्हापासून काम चालू असलं की शाल शेजारच्या खुर्चीवर बसते. काम आटोपलं, पंखा थांबला की काकू तिला त्याच्यावर घालतात.

"थंडी वाजत होती का रे?" ती रोज विचारते.

ऐन वैशाखातही तो म्हणतो, "फार. बरं झालं आलीस."