कानशीचे दोन हात

नाना कॅमेऱ्याला नाही म्हणतील, अशी तरन्नुमची खात्री होती. दोन वर्षं परदेशात चित्रपटकला शिकून ती मिरजेला परतली, ती या वादाची तयारी करूनच.

पण इलाहीनाना, तिच्या आईचे वडील, एवढंच म्हणाले, "कुठे बसू, सांग."

तयारी वायाच गेली.

साठ वर्षं नाना तंबोरे घडवत होते. परदेशातल्या एका संगीतशाळेला बारा तंबोरे हवे होते. तीन कारागिरांकडे शाळेने कामाचा व्हिडिओ मागितला होता, शनिवारपर्यंत. मुबारकमामूंनी घरात स्पष्टच सांगितलं होतं : "हे काम हुकलं, तर दुकानाला कुलूप."

तरन्नुमने चार पानी आराखडा लिहिला होता. भोपळा वीस सेकंद. खुंट्या दहा. जवारी पंधरा.

"जवारीला पंधराच?" नानांनी विचारलं.

"लांबलं की लोक कंटाळतात, नाना."

"खरंय. मीपण कंटाळतो. तीन दिवस लागतात."

जवारी काढायला, म्हणजे तार गुंजावी म्हणून, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी नाना घासत होते. तिचा माथा कानशीने घासत जायचा. कणभर कमी, तार मुकी. कणभर जास्त, तार मुकी. मधे कुठेतरी ती गुंजते. आज तिसरा दिवस होता.

नानांनी कानस खाली ठेवली. तार छेडली.

सूर उठला आणि उठतच राहिला. खोलीत मधमाश्यांचं पोळं जागं झाल्यासारखं वाटलं. दारातून मामू म्हणाले, "लागली!"

तरन्नुमचं लक्ष खिडकीकडे होतं. उन्हाची तिरीप नेमकी घोडीवर आली होती.

"नाना, कानस पुन्हा फिरवा ना. उजेड काय सुंदर पडलाय!"

नानांनी तिच्याकडे पाहिलं.

"फिरवू?"

"दोनच हात."

"नक्की?"

"हो, हो. लवकर, उजेड जाईल."

नानांनी कानस उचलली. एक हात. दुसरा. पांढरा भुगा उन्हात तरंगला. असं दृश्य तिला दोन वर्षांत एकदाही मिळालं नव्हतं.

"झालं?"

"झालं! आता वाजवा."

नानांनी तार छेडली.

टण्... आणि संपलं.

मामूंनी कपाळावर हात मारला. "अब्बा! तीन दिवसांचं काम!"

तरन्नुमचा चेहरा उतरला. "नाना, खरंच घासायचं नव्हतं. नुसता हात फिरवायचा होता."

"नुसता?"

"म्हणजे... न घासता."

नानांनी हातातल्या कानशीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. ते चेष्टा करत नव्हते.

"तसं मला येत नाही, बेटा."

"पण सूर जाणार, हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबवायचं कुणी?"

तिने घोडीवरचा भुगा बोटाने टिपला.

मग तिने हळूच विचारलं, "घासलेलं परत भरून येतं का?"

"नाही. अजून खाली जायचं."

"खाली सूर असतो?"

"असतो."

"नक्की?"

नानांनी पानाचा डबा उघडला.

संध्याकाळी मामू तिच्या शेजारी बसून ते दृश्य पाहत होते. पुन्हा पुन्हा पाहिलं.

"झकास आलंय गं. यावर आपल्या जुन्या तंबोऱ्याचा आवाज टाक. चित्र आजचं, सूर कालचा. तिकडे कुणाला कळतंय?"

"मामू, ते लोक हाच आवाज ऐकून तंबोरे विकत घेणार आहेत."

"मग? तंबोरा आपला, आवाजही आपल्याच तंबोऱ्याचा. यात खोटं काय?"

तिने दृश्य पुन्हा पहिल्यापासून लावलं. परदेशातल्या वर्गात असल्या प्रश्नांवर ती तासतासभर बोलायची.

"शनिवार परवा आहे," मामू उठता उठता म्हणाले.

सकाळी ती कारखान्यात आली तेव्हा नाना घोडीवर वाकले होते. काल गेलेला सूर ते आणखी खाली शोधत होते.

तिने कॅमेरा दाराशी तिकाटण्यावर लावला. त्यातलं कालचं दृश्य एकदा पाहिलं. ऊन, भुगा, नानांची बोटं... आणि पुसून टाकलं.

"पुसलंस?" नानांनी मान वर न करता विचारलं.

"हो."

"चांगलं होतं म्हणे."

"फार चांगलं होतं."

आराखड्याची चार पानं तिने घडी करून पिशवीत टाकली. कॅमेरा सुरू केला, त्याच्याकडे पाठ केली आणि नानांसमोर चटईवर बसली.

"आज सांगणार नाहीस? कुठून, किती?"

"नाही."

"आणि तुझा तो व्हिडिओ? संपणार कधी?"

"तार बोलेल तेव्हा."

"शनिवारनंतर बोलली तर?"

"तर शनिवारनंतर."

नानांनी तंबोरा तिच्याकडे सरकवला, इतका की घोडी तिच्या कानाशी आली. कानस उचलली.

"मग नीट ऐक," ते म्हणाले. "आणि मला थांबव."