मिस्त्रींची गाडी सर्व्हिस सेंटरात

"माझ्या कामात खोट निघाली का, उस्ताद?"

बाबालाल मिस्त्रींनी मान वर केली नाही. सर्व्हिस सेंटरच्या काचेच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर ते चपला काढून एक पाय वर घेऊन बसले होते. गाडी लावून मुलगा कामावर गेला होता. हातात टोकनाची चिठ्ठी होती. दोन वर्षांपासून त्यांचे हात थरथरायचे, म्हणून चिठ्ठीही थरथरत होती.

"नाही," ते म्हणाले. "गाडी छान चालते."

"मग इथं कशी?"

"बस."

भूपाल चौगुले बसला नाही.

तो जयसिंगपूरच्या कॉलेजात गणित शिकवायचा. पाच वर्षांपूर्वी एका शोरूमनं न बदललेल्या चेनचे पैसे त्याच्याकडून घेतले, तेव्हापासून तो दर रविवारी मिस्त्रींच्या शेडमध्ये जाऊन बसू लागला. शर्टाच्या बाह्या दुमडून आधी ऑइल बदलायला शिकला, मग प्लग, मग क्लच. हात बसल्यावर त्याची जीभही सैल झाली. शोरूमला गाडी देणं म्हणजे पैसे मोजून गाडी धुऊन आणणं, असं तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना ऐकवायचा. दोघातिघांच्या गाड्या त्यानं स्वतः खोलून दाखवल्या होत्या.

मिस्त्रींचे हात गेले आणि शेड बंद झाली, तेव्हा त्यांच्या जुन्या मोटरसायकलची देखभाल भूपालनं आपणहून अंगावर घेतली. गाडी आता मिस्त्रींचा मुलगा चालवायचा आणि मिस्त्री मागं बसायचे. दर तीन महिन्यांनी भूपाल जायचा. मजुरी सोडाच, ऑइलही स्वतःचं न्यायचा. गेल्याच महिन्यात त्यानं मागचं चाक उघडून ब्रेकशू बदलले होते आणि गाडी लख्ख पुसून दारात लावली होती.

आणि आज स्टाफरूममध्ये कुणीतरी सहज म्हणालं, तुमच्या उस्तादांना सर्व्हिस सेंटरच्या रांगेत पाहिलं. सांगणारा हसला नव्हता. भूपालला मात्र तो हसल्यासारखा वाटला. दोन तास बुडवून, एका सहकाऱ्याच्या स्कूटरवर मागं बसून तो इथं आला होता.

तो बराच वेळ बोलला. माझा कंटाळा आला असेल तर सरळ सांगा, म्हणाला. इथं काय चालतं हे मी तुमच्याचकडून शिकलो, म्हणाला. नुसत्या धुण्याचे हे लोक किती लावतात, तेही सांगितलं.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं. मग काचेपलीकडं बोट केलं.

पलीकडं एक मेकॅनिक त्यांच्या गाडीवर काम करत होता. भूपाल काचेला नाक लावून पाहू लागला.

"मळक्या फडक्यानं पुसतोय. पाहिलंत?"

"पाहिलं."

"एअर फिल्टर न झटकताच बसवला."

"हो. तसाच बसवला."

मिस्त्री प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होते. काम इथं वाईट होतं, हे उस्तादांना दिसत होतं. त्याचं काम चांगलं होतं, हेही तेच म्हणत होते. मग...

"मग का, उस्ताद?"



तेवढ्यात हातात पाना आणि बॅटरी घेऊन एक मध्यमवयीन बाई गाडीपाशी आली. छातीवरच्या पट्टीवर 'लोंढे' लिहिलेलं होतं. मेकॅनिकनं सोडलेली प्रत्येक गाडी तपासायची, एवढंच तिचं काम असावं. तिनं आधी फिल्टर पुन्हा काढायला लावला. भूपालला बरं वाटलं. मग ती मागच्या चाकापाशी उकिडवी बसली. त्या चाकाला मेकॅनिकनं हातही लावला नव्हता.

ती तिथंच बसून राहिली. मग तिनं एका नटाला बोट लावलं. पाना नाही, नुसतं बोट.

नट फिरला.

भूपालचं नाक काचेवरून मागं आलं. मागचा ब्रेक धरणारा तो नट त्यानं बसवला होता. नट सुटू नये म्हणून त्याच्या भोकातून एक बारीक पिन घालतात. ती हरवू नये म्हणून त्यानं मिस्त्रींच्या पायरीवर ठेवली होती. ठेवल्याचं त्याला स्वच्छ आठवत होतं. उचलल्याचं आठवेना.

लोंढेबाई खोलीत आल्या, टोकन नंबर घेतला. मिस्त्री उठून उभे राहिले. ब्रेकच्या नटाला पिन नाही, नट शेवटच्या दोन आट्यांवर आलाय, असं बाईंनी सांगितलं. अजून आठवडाभरात तो पडला असता, आणि ब्रेक दाबला की चाक जागच्या जागी अडकलं असतं.

"कुणी केलंय हे काम?"

भूपालनं तोंड उघडलं.

"मी," बाबालाल मिस्त्री म्हणाले.

लोंढेबाईंनी त्यांच्या हातांकडे पाहिलं. बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. भूपालला ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

"आजोबा, असली कामं आता घरी करत जाऊ नका."

"हो ताई. चुकलं."

निम्म्या तालुक्याचे मेकॅनिक ज्याच्या हाताखालून गेले, तो माणूस खाली मान घालून उभा होता. बाई गेल्या, तसे ते पुन्हा बसले.

आता भूपालही बसला.



"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नाही."

"मग गाडी आणलीत कशाला?"

मिस्त्री पायानं चपला चाचपत राहिले.

भूपालचे डोळे भरून आले. आजपासून पान्याला हात लावणार नाही, म्हणाला. माझीही गाडी इथंच आणीन. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगेन, माझं चुकलं म्हणून.

"रविवारी ये," मिस्त्री म्हणाले. "पुढचं चाक उघडायचंय."

"मी?"

"नऊच्या आत ये. नंतर ऊन होतं."

"आणि मग?"

"मग सोमवारी इथं आणू. दुसऱ्याची नजर फिरू दे."

भूपाल त्यांच्याकडे बघत राहिला. "म्हणजे माझ्यावर भरवसा नाही."

"आहे."

"मग यांच्यावर नाही."

"आहे की."

जन्मभर त्यानं गणितं सोडवली होती. दोन्हीतलं एक तरी चूक असायला हवं होतं. तो मनातल्या मनात उलटसुलट मांडून पाहत होता आणि काही केल्या बसत नव्हतं.

गाडी बाहेर आली. धुतलेली होती, आणि मागच्या नटात नवी पिन चमकत होती. मिस्त्रींनी बिल न वाचता खिशात घातलं आणि किल्ली भूपालच्या तळहातावर ठेवली. दोघांपैकी कुणाचा हात थरथरत होता, ते भूपालला कळलं नाही.

"आज माझ्याच्यानं नाही व्हायचं, उस्ताद. मुलाला बोलवा."

मिस्त्री तोवर मागच्या सीटवर बसलेही होते. भूपाल हँडल धरून तसाच उभा... मग कसाबसा पुढं बसला. खांद्यावर त्यांचा हात आला.

"चल," ते म्हणाले. "घर येईपर्यंत मी जरा झोप काढतो."