शास्त्रीबुवांची पाळी

धुंडिराजशास्त्री काशीहून एक नवा सिद्धांत शिकून आले आणि दरबार त्याला पार विटून गेला. कोणी गाऱ्हाणं मांडलं, की शास्त्री म्हणायचे, "तुझ्याहून खालच्या पायरीवर कोणीतरी आहेच. आधी त्यानं बोलावं!" लंगडा आला, तर "तुला डोळे आहेत." आंधळा आला, तर "तुला घर आहे." राजाला वाटे, केवढा हा न्याय! गाऱ्हाणी मात्र तशीच परत जात.

एक दिवस वेशीबाहेरची साळूबाई आली. "महाराज, आम्हाला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत."

"बाई, नदीपर्यंत जायला तुला पाय आहेत ना?" शास्त्री म्हणाले.

म्हातारे दिवाण बहिरोपंत कंटाळून म्हणाले, "महाराज, शास्त्रीबुवांचा नियम मान्य. खालच्यानं आधी बोलावं, वरच्यानं मागून. आजपासून तो सगळ्यांनाच लावा."

"लावला!" राजा म्हणाला.

शास्त्री खुशीत उठले. "महाराज, यामागचं तत्त्व असं, की..."

"बसा, शास्त्रीबुवा. महाराजांच्या खालोखाल आसन तुमचं. तुमच्याखाली अख्खं राज्य आहे. त्या सगळ्यांचं बोलून झालं, की तुमची पाळी."

मग दिवाण वळले. "साळूबाई, बोला. अगदी सावकाश बोला."