धनेशाच्या राज्यातली अडीच तोंडं

जंगलात कोण किती, याची मोजदाद जेव्हा वाळवीकडे होती, तेव्हाची ही गोष्ट. खोटी वाटली तर वारुळात हात घालून विचारा.

वाळवीची राणी अंडी घालायची थांबतच नसे. प्रजा वारुळात मावेना, तेव्हा तिनं ठमी नावाच्या वाळवीला पिटाळलं. "त्या बेहड्याच्या झाडावर धनेश पक्ष्यांचं राज्य आहे म्हणे. किती जण आहेत विचारून ये. थोडे असले तर झाड आपलं!"

ठमी चढली. ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं, मध्ये चोचीपुरती फट. आतून धनेशीण म्हणाली, "मी आत, हे बाहेर, अन् पोटाखाली एक अंडं."

"बस्स? अगं मावशी, एवढे तर आमच्याकडे शिंकेसरशी जन्मतात!"

तेवढ्यात धनेश आला. त्यानं फटीतून बायकोला फळ भरवलं आणि दुसरं स्वतः खाऊन त्याची बी थुंकली, ती थेट ठमीच्या टाळक्यात.

"अगंबाई! हे काय?"

"उद्याचं झाड," धनेशीण आतून म्हणाली. "तू आलीस त्या वाटेवरची झाडं यांच्या आजोबांनी अशीच थुंकलेली."

"आणि आम्ही रोज खातो ती?"

"तीसुद्धा."

ठमी विचार करतच परतली.

"किती आहेत गं?" राणीनं विचारलं.

"राणीसाहेब, अंडं अर्धं धरलं तर अडीच तोंडं. पण ती झाडं थुंकतात, आणि आपली लाखो तोंडं झाडं खातात. ढोली बळकावलीत तर पुढं खायचं काय?"

राणी विचारात पडली. आणि त्या दुपारी, जन्मात पहिल्यांदाच, अंडं घालायला विसरली.